नॅशनल पार्कचा एक दिवस: आधी कान्हेरी, मग बाकीचं

प्रश्न: आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. डिसेंबरच्या सुट्टीत बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पूर्ण दिवस घालवायचा विचार आहे. मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्यांना यायचंच आहे. सफारी, बोटिंग, कान्हेरी आणि शिलोंडा ट्रेक एका दिवसात होईल का? येऊर घराजवळ असताना बोरिवलीला जाण्यात अर्थ आहे का? आणि बिबट्याचं काय?

उत्तर:

एका दिवसात सगळं होणार नाही. तुमच्या यादीतून शिलोंडा आत्ताच काढून टाका, त्याचं कारण पुढे सांगतो. उरलेल्या तिन्ही गोष्टी होतील, पण बहुतेक कुटुंबं ज्या क्रमाने करतात त्याच्या उलट क्रमाने.

होतं असं, की बोरिवलीच्या गेटातून आत शिरलं की पहिल्यांदा दिसतात ती सफारीची खिडकी, तलावातल्या होड्या, बाग, झोपाळे. मुलं तिकडे ओढतात, मोठ्यांनाही वाटतं की समोर आहे ते उरकून घेऊ. सुट्टीच्या दिवशी सफारीच्या रांगेत तास-दीड तास सहज जातो. मग बोटिंग, मग कुणाला तरी भूक लागते आणि कान्हेरीच्या बसमध्ये बसेपर्यंत साडेअकरा वाजतात. कान्हेरी म्हणजे बौद्ध लेण्यांचा डोंगर, उघडा काळा कातळ. डिसेंबरातसुद्धा दुपारी बारा ते तीन तो तापतो, सावली फक्त लेण्यांच्या आत असते आणि पायऱ्या उन्हात. पाच वर्षांचं मूल तिथे पंधरा मिनिटांत रडकुंडीला येतं. मग एक मोठं लेणं पाहून, फोटो काढून सगळे खाली उतरतात आणि वर्षानुवर्षं सांगत राहतात की कान्हेरीत फारसं काही नाही.

म्हणून गेट उघडताच पहिल्या बसने थेट कान्हेरी. साडेदहा-अकरापर्यंत तिथे चढायचं ते चढून घ्या. गेटजवळच्या गोष्टी दुपारी, पाय दमल्यावर. सफारीत बसून राहायचं असतं, होडीत बसून राहायचं असतं. दमलेल्या माणसांनी करायची कामं ती हीच.

येऊरचं उत्तर सोपं आहे. येऊर हे त्याच जंगलाचं ठाण्याकडचं दार. पहाटे पक्षी बघायला, पावसाळ्यानंतर फुलपाखरांच्या मागे फिरायला मी येऊरच सुचवेन. पण येऊरहून कान्हेरीला जायला सर्वसामान्यांना वाट खुली नाही आणि लहान मुलांना दिवसभर गुंतवेल असं तिकडे फारसं काही नाही. बंगले आणि हॉटेलांची गर्दी मात्र आहे. तेव्हा या खेपेला बोरिवली. तसं पाहिलं तर गायमुखच्या घाटातून जाता-येता तुम्ही याच उद्यानाची कड ओलांडत असता. खाडीपलीकडचा नागला नावाचा जंगलपट्टाही त्याचाच भाग. एकूण क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर, एका बाजूला ठाणे, दुसऱ्या बाजूला मुंबईची उपनगरं आणि मध्ये हे जंगल.

वार निवडताना सोमवार सोडून द्या. त्या दिवशी उद्यानही बंद आणि कान्हेरीही. रविवार आणि नाताळचा आठवडा टाळता आला तर फार बरं. मंगळवार ते गुरुवारमधला दिवस मिळाला तर नवऱ्याने एक रजा टाकावी, इतका फरक पडतो. सकाळी साडेसातच्या सुमारास पर्यटकांना आत सोडायला लागतात. त्याआधीची वेळ रोज चालायला येणाऱ्यांची. तुम्हाला घोडबंदरहून निघायचं तर सहाला घर सोडा. त्या वेळी रस्ता मोकळा असतो. आठनंतर गायमुख ते फाउंटनचा टप्पा काय असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. गाडी नको असेल तर ठाणे-बोरिवली बस आहेच. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांसाठी गेट बोरिवली स्टेशनपासून पूर्वेला चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे आणि मेट्रो ७ चं राष्ट्रीय उद्यान स्थानकही हायवेवर जवळच आहे. (ठाणे-बोरिवली जुळे बोगदे या डोंगराखालून खोदायचं काम चाललंय. ते होईल तेव्हा होईल.)

खासगी गाडी आत कुठपर्यंत न्यायची याचे नियम वरचेवर बदलत आलेत. म्हणून बेत गाडीच्या भरवशावर आखू नका, गेटपासून कान्हेरीला जाणाऱ्या बसवर आखा. अंतर सहा-सात किलोमीटर. भाड्याच्या सायकली मिळतात आणि नऊ वर्षांची मुलगी सायकलसाठी हट्ट करेल, पण कान्हेरीकडे जाताना चढ आहे आणि परतताना उतारावर बस समोरून येते. सायकल हवीच असेल तर दुपारी गेटजवळच्या सपाट रस्त्यावर.

बसमध्ये मुलांना खिडकी द्या. डिसेंबरात पानगळ सुरू झालेली असते, त्यामुळे पावसाळ्यात हिरव्या भिंतीसारखं दिसणारं जंगल आता आरपार दिसायला लागतं. पांढऱ्याफटक खोडाचं एखादं झाड उभं दिसेल, ते कांडोळ. आमच्या सहलींत मुलं त्याला ताबडतोब भुताचं झाड म्हणतात आणि मग दिवसभर कांडोळ मोजत बसतात. ऐन, साग, बोंडारा, मोह ही मोठ्यांसाठी. उतारांवर खरखरीत पानांची दाट झुडपं दिसतील ती कारवी. आठ वर्षांतून एकदा एकदम फुलते आणि मग मरते. इथला मोठा बहर २०१६ ला होता, नंतर २०२४ ला. पुढचा २०३२ साली. तुमची मुलगी तेव्हा कॉलेजच्या उंबरठ्यावर असेल, तिला आत्ताच सांगून ठेवा. याच कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपून पाड्यांवरच्या घरांच्या कुडाच्या भिंती होत आल्या आहेत. पाडे उद्यानाच्या आतच आहेत, नवापाडा, रावणपाडा, तुमणीपाडा. वारली, कोकणा, महादेव कोळी कुटुंबं हे राष्ट्रीय उद्यान होण्याच्या कितीतरी आधीपासून इथे राहतात. वाटेवर बायका काकडी, आवळे, चिंचा, बोरं विकायला बसतात. जरूर घ्या. घरात डोकावून फोटो काढू नका.

आता कान्हेरी. इथे मी तुमचा निम्मा दिवस मागतोय, तेव्हा का ते सांगतो.

शंभराहून अधिक लेणी एका डोंगरात, इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपासपासून दहाव्या शतकापर्यंत खोदत, राहत, वाढवत नेलेली. अजिंठ्याची चित्रं किंवा वेरूळचं कैलास असं एक नेत्रदीपक काही इथे नाही. इथे आहे ती वसाहत. भिक्षूंची राहायची जागा, झोपायचे ओटे, पाण्याची टाकी, पायऱ्या, सभा भरायची जागा, मेलेल्यांचे स्तूप. मुलांना शिल्पकलेच्या शैली सांगायला गेलात तर हरलात. हे एक गाव आहे आणि इथे माणसं कशी राहत होती ते शोधायचंय, असं सांगा. मग ती तुमच्या पुढे धावतील.

तिकीट काढून पायऱ्या चढलं की सुरुवातीलाच १, २ आणि ३ क्रमांकाची लेणी. पहिलं अर्धवट राहिलेलं आहे. प्रचंड खांब कोरायला घेतले आणि काम थांबलं. लोक त्याच्यासमोरून सरळ निघून जातात. मी मात्र आधी इथेच थांबवतो, कारण लेणं वरून खाली, बाहेरून आत कसं कोरत नेतात ते पूर्ण झालेल्या लेण्यात कळत नाही, अर्धवट लेण्यात कळतं. मुलांना विचारा, दगड कुठून फोडायला सुरुवात केली असेल?

तिसरं लेणं म्हणजे चैत्यगृह, स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, दुसऱ्या शतकातल्या सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीचे उभे बुद्ध आहेत, ते नंतरच्या शतकांतले. दर्शनी भिंतीवर दाता जोडप्यांची मोठी शिल्पं आहेत, त्यांचे दागिने आणि पागोटी नीट बघा. आत एकूण चौतीस खांब आणि टोकाला स्तूप. मुलांना एकच काम द्या: खांबांवरचे हत्ती शोधा आणि ते काय करताहेत ते सांगा. सगळे खांब सारखे कोरलेले नाहीत, काही साधेच सोडून दिलेत, हे मुलगी तुमच्याआधी टिपेल. आत आवाज घुमतो. सकाळी आठ-साडेआठला तुम्ही एकटेच असाल तर दोन मिनिटं गप्प बसायला सांगा. दुपारी ते शक्यच नसतं.

भिंतींवर ब्राह्मी लेख आहेत. दान कुणी दिलं, काय दिलं, कुठून आला, अशा नोंदी. या डोंगरातल्या लेखांमध्ये कल्याण, सोपारा, चेमुल म्हणजे चौल अशी गावं येतात. घोडबंदरच्या मुलांना कल्याण आणि नालासोपारा माहीतच असतं. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी त्याच कल्याणच्या व्यापाऱ्याने इथे पाण्याचं टाकं खोदून दिलं, हे कळल्यावर इतिहास एकदम लोकलच्या अंतरावर येतो.

तिथून ओढ्याच्या काठाने पुढे गेलं की ११ क्रमांकाचं लेणं, ज्याला सगळे दरबार हॉल म्हणतात. लांबलचक मोठी खोली आणि मध्ये दोन लांब, बुटके दगडी ओटे. राजाचा दरबार वगैरे काही नाही. भिक्षू एकत्र बसत, पठण किंवा जेवण करत, असं त्या ओट्यांवरून वाटतं. वेरूळच्या पाचव्या लेण्यातही असेच ओटे आहेत.

सासूबाईंबद्दल माझं मत असं की त्यांना नक्की आणा. बस लेण्यांच्या पायथ्याशी सोडते. पहिली तीन लेणी थोड्याच पायऱ्यांवर आहेत, त्या सावकाश चढतील. दरबार हॉलपर्यंत जमलं तर उत्तम, नाही तर तिसऱ्याच्या व्हरांड्यात सावलीत बसणं हाही मजेचा कार्यक्रम आहे. पायऱ्या कातळात कोरलेल्या आहेत, कमी-जास्त उंचीच्या आणि झिजून गुळगुळीत झालेल्या. आधाराला कठडा सगळीकडे मिळत नाही. त्यांना काठी द्या, चप्पल नको, मागे पट्टा असलेली सॅण्डल किंवा बूट द्या. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, म्हणून उतरताना एक मोठं माणूस त्यांच्या एक पायरी पुढे असावं, मागे नव्हे. त्यांच्यासोबत एकाने आळीपाळीने थांबायचं हे घरी ठरवूनच निघा. कान्हेरीत उभं राहून ठरवायला गेलात की त्या म्हणणार, तुम्ही जा, मी बसते एकटी. माकडांच्या सोबतीला त्यांना एकटं ठेवू नका.

आणि उरलेल्या तिघांचा ट्रेक इथूनच सुरू होतो. दरीच्या दोन्ही अंगांना लेण्यांच्या रांगा आहेत आणि खोदीव पायऱ्यांची वाट त्यांना जोडत वर चढत जाते. निवांत, थांबत, बघत गेलं तर वर जाऊन परत यायला दीड-दोन तास. पाच वर्षांचा मुलगा हे करू शकतो, कारण दर पाच मिनिटांनी शिरायला एक नवीन गुहा मिळते. सरळ जंगलवाटेवर तो अर्ध्या तासात खांद्यावर बसला असता.

वाटेत पाण्याची व्यवस्था दाखवा. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी कातळात टाकं आहे, वरून पन्हळी कोरून पावसाचं पाणी त्यात वळवलंय. लेखांमध्ये या टाक्यांना पोढी म्हटलंय. आजही कित्येक टाक्यांत पाणी असतं. ते पिऊ नका आणि मुलांना काठावर वाकू देऊ नका, काही बरीच खोल आहेत. डिसेंबरात ओढा कोरडा पडत आलेला असतो, पण पन्हळी बघून मुलांना विचारा की पाऊस पडला तर पाणी कुठून कुठे जाईल. नऊ वर्षांच्या मुलीला अर्धा तास पुरेल इतकं त्यात आहे.

वर चढताना तीन-चार ठिकाणं चुकवू नका. ३४ क्रमांकाच्या लेण्यात छतावर बुद्धाची अपूर्ण राहिलेली चित्रं आहेत. मान वर करा, नाही तर दिसत नाहीत. ४१ मध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, आहे. मुलांना तोंडं मोजायला सांगितली की काम झालं. ८७ च्या आसपास विटांच्या छोट्या स्तूपांचे अवशेष आहेत, तिथे मृत भिक्षूंच्या अस्थी जपल्या जात. ९० मध्ये अवलोकितेश्वर भक्तांना संकटांतून वाचवतानाचा पट आहे आणि तिथेच पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये इथे आलेल्या पारशी प्रवाशांचे. हजार वर्षांपूर्वी कुणी सहलीला येऊन भिंतीवर नावं कोरून गेलं, हे ऐकल्यावर मुलं लगेच विचारतात, मग आम्ही का नाही? याचं समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेलं नाही. आत्ता कोरलं तर पोलीस पकडतील, एवढंच मी सांगतो.

अगदी वरच्या कातळावर पोचलात की पश्चिमेला बोरिवली-कांदिवलीचे टॉवर आणि मागे जंगलाच्या रांगा. थंडीतल्या धुरक्यात शहर नीट दिसेलच असं नाही. कड्याच्या टोकाशी मुलांचे हात धरा. साडेदहाला खाली वळा, अकराच्या आत सासूबाईंपाशी.

शिलोंडा का नाही, ते आता. ती वाट सुंदर आहे, झऱ्याच्या काठाने जाते, फार चढ नाही. पण तिथे आपलं आपण शिरता येत नाही. उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रामार्फत आधी नोंदणी करून, वाटाड्यासोबत, गटाने जावं लागतं आणि ती सकाळीच करायची असते. म्हणजे कान्हेरी आणि शिलोंडा दोघांनाही तुमची सकाळच हवी. एकाच दिवशी कोंबलंत तर दुसरी गोष्ट दुपारच्या उन्हात जाते आणि पाच वर्षांचं मूल व गुडघेदुखी असलेल्या आजी दोघंही शिलोंड्यासाठी नाहीत. फेब्रुवारीत एखाद्या रविवारी बाप-लेक दोघंच जाऊ देत. पळस आणि काटेसावर फुलायला लागलेली असते, फुलांवर पक्ष्यांची झुंबड असते आणि मुलीला फक्त तिचा असा एक दिवस मिळतो. तिला चालायची गोडी लागलीच, तर पुढच्या वर्षी जांभूळमाळचा विचार करा. तो मुंबईतला सर्वांत उंच भाग, साडेचारशे मीटरच्या वर. त्यालाही परवानगी लागते. परवानगीशिवाय वाट सोडून जंगलात शिरणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. आम्ही इथलेच, आम्हाला माहितीये सगळं, असं म्हणून शिरणारे हौशी ग्रुप दर पावसाळ्यात भेटतात. त्यांच्या मागे जाऊ नका.

खाण्याचं. कान्हेरीची माकडं हुशार आहेत आणि त्यांना तसं आपणच केलंय. प्लास्टिकची पिशवी कुरकुरली की ती खाऊच आहे असं ती धरून चालतात. म्हणून हातात काहीही लोंबतं नको, सगळं पाठीवरच्या चेन लावलेल्या सॅकमध्ये. वर चढताना मुलांच्या खिशात दोन-दोन चिक्क्या, त्याही माकड दिसत नसताना लेण्याच्या आत खायच्या. माकडाने काही ओढलंच तर सोडून द्या, ओढाताणीत ओरखडा येतो आणि मग रेबीजची इंजेक्शनं आली. डोळ्यांत रोखून बघू नका, दात दाखवून हसू नका. त्यांच्या भाषेत ते आव्हान आहे. खायला घालणं तर नाहीच. जेवण खाली गेटजवळच्या बागेत. धपाटे, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, दह्याऐवजी लोणचं. मुलं घरून काय आणलंय यावर नाक मुरडतील, भूक लागली की खातील. पाणी माणशी दीड लिटर, स्टीलच्या बाटल्यांत. सासूबाईंसाठी कोकम सरबत वेगळं.

आता बिबट्या. भीती नको, भान हवं. या जंगलातले बिबटे ही ऐकीव गोष्ट नाही. २०१५ च्या कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) अभ्यासात उद्यान आणि लगतच्या भागात ३५ वेगवेगळे बिबटे नोंदले गेले, २०१८ मध्ये ४७. एवढ्या लहान जंगलात इतके बिबटे जगात फार थोड्या ठिकाणी असतील. शहराच्या कडेला कचरा, कचऱ्याला कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या, अशी ती साखळी. २००२ ते २००४ च्या काळात माणसांवरचे हल्ले खूप वाढले होते. त्याआधी इतर भागांत पकडलेले बिबटे इथे आणून सोडले जात होते आणि त्या अनोळखी, बिथरलेल्या जनावरांशी अभ्यासकांनी हल्ल्यांचा संबंध जोडला. पुढे ते धोरण बदललं, २०११ मध्ये वनखात्याने नागरिक आणि संशोधकांना सोबत घेऊन मुंबईकर्स फॉर एसजीएनपी (म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्क, हेच उद्यान) नावाचा उपक्रम सुरू केला आणि पाड्यांवर, सोसायट्यांत जाऊन बोलणं सुरू झालं. पाड्यांवर तर वाघोबाला देव मानून त्याच्यासोबत राहायची रीत पूर्वीपासून आहेच.

तुमच्या दिवसापुरतं सांगायचं तर बिबट्या प्रामुख्याने संध्याकाळ ते पहाट वावरतो. सकाळी आठ ते दुपारी चार, बस, लेणी, गजबजलेले रस्ते, एवढ्यात तो दिसण्याची शक्यता नगण्य. पण पाळायच्या गोष्टी पाळाच. मुलगा कायम मोठ्या माणसाच्या हाताशी. त्याला शू लागली म्हणून झुडपात एकटं बसवू नका. खाली बसलेलं लहान मूल बिबट्याला माणूस वाटत नाही, भक्ष्य वाटतं. स्वच्छतागृहं गेटजवळ आणि कान्हेरीला आहेत, तिथेच न्या. समजा दिसलाच, तर पळायचं नाही, वाकायचं नाही, मुलाला उचलून घ्यायचं आणि बिबट्याकडे तोंड ठेवून, मोठ्याने बोलत मागे सरकायचं. फोटोसाठी पुढे जायचं नाही आणि घोळका करून त्याची वाट अडवायची नाही. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ नवऱ्याच्या आणि तुमच्या फोनमध्ये आधीच घाला.

खरं तर डिसेंबरात मला बिबट्यापेक्षा खाजकुइलीची काळजी जास्त वाटते. वेलीवर लोंबणाऱ्या तपकिरी, मखमली शेंगा. इतक्या मऊ दिसतात की मूल हात लावणारच. त्यावरची लव कातडीत घुसते आणि असह्य खाज सुटते. चोळलं की पसरते. म्हणून चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून ओढायची, तीन-चार वेळा, मग साबणाने धुवायचं आणि कपडे बदलायचे. सॅकमध्ये चिकटपट्टीचं रीळ आणि मुलांचा एक जास्तीचा जोड यासाठीच. पूर्ण बाह्या आणि लांब पॅन्ट. कड्याला आग्या मोहोळाची पोळी लागतात, त्यामुळे तिथे आरडाओरडा नको आणि त्या दिवशी अत्तर, परफ्यूम घरी ठेवा. साप थंडीत फार दिसत नाहीत. दगडाच्या कपारीत हात घालायचा नाही, एवढा नियम पुरे.

दुपारचा भाग पटकन सांगतो. बाराच्या आसपास गेटपाशी परत, जेवण, सतरंजी टाकून तासभर आडवं. मग सफारी. पिंजऱ्याच्या बसमधून दिसणारे वाघ-सिंह उद्यानाने कुंपणात ठेवलेले आहेत, या जंगलात मोकळे वाघ नाहीत. मुलांना हे आधी सांगून ठेवा, नाही तर नंतर फसवल्यासारखं वाटतं. पाच वर्षांच्या मुलाला तरीही ते प्रचंड आवडेल. वनराणी ही छोटी गाडी २०२१ च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळात रुळांचं नुकसान होऊन बंद पडली होती. ती चालू आहे का हे गेटवर विचारल्याशिवाय मुलांना शब्द देऊ नका. बोटिंग पंधरा-वीस मिनिटांचं, रांग मोठी असेल तर सोडून द्या. तुळशी आणि विहार हे तलाव या जंगलात असले तरी ते मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचे आहेत, १८७९ आणि १८६० सालचे, आणि त्यांच्यात मगरी आहेत. तिकडे सहलीला जाता येत नाही. सासूबाईंना अजून चालावंसं वाटलं तर गांधी टेकडीवरचं स्मारक आहे, चढ सौम्य आहे आणि वर बसायला जागा आहे.

कुणी तुम्हाला डिसेंबरऐवजी जुलैत जा, धबधबे बघा असं सांगेल. कान्हेरीचा ओढा पावसात खरोखर देखणा होतो. पण कातळावर शेवाळं, पाण्याचा लोंढा अचानक वाढतो आणि शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. गुडघेदुखी आणि पाच वर्षांचं मूल सोबत असताना तो बेत मी तरी करणार नाही.

चारच्या आत गाडीत बसा. साडेचारनंतर हायवे तुंबायला लागतो, आणि गायमुखला अडकलात तर मुलगा झोपेल, मुलीला शू लागेल आणि सासूबाईंचे पाय सुजतील. जेवण घरी साधं, मुगाची खिचडी वगैरे, सकाळीच डाळ-तांदूळ काढून ठेवा.